मान वर केली की काय दिसायला हवं? बेसबॉलच्या स्कोअरबोर्डाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी स्टेडियममध्ये बसून हाताने स्कोअरकार्ड कसं भरायचं ते लिहिलं होतं. पत्रं मात्र जवळजवळ सगळी स्कोअरबोर्डाबद्दल आली, कोणाला कळत नाही म्हणून, कोणाला आवडत नाही म्हणून आणि दोघांना तर नुसतं भांडायचं होतं. भांडण चांगलंच आहे, मलाही या विषयावर बोलायचंच होतं.

प्रश्न: अमेरिकेत येऊन सहा महिने झाले, परवा ऑफिसच्या लोकांबरोबर पहिल्यांदा मॅचला गेले. बोर्डावर इतके आकडे की डोकंच चालेना. पण शेजारी बसलेल्या एक आजी नुसती एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, बघ आता तो पळणार, आणि तो खरंच पळायचा! त्यांना असं काय दिसत होतं?

त्यांना तीन आकडे दिसत होते, बॉल, स्ट्राइक आणि आऊट. बाकी सगळं नंतर. ठरलेल्या चौकटीबाहेर गेलेला आणि बॅटरने सोडून दिलेला चेंडू म्हणजे बॉल, चौकटीतून गेलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला म्हणजे स्ट्राइक. चार बॉल झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, तीन स्ट्राइक झाले की तो आऊट, आणि तीन आऊट झाले की अर्धी इनिंग संपली. अमेरिकेत बॉल आधी सांगतात, म्हणजे 3-2 असेल तर तीन बॉल दोन स्ट्राइक. या जोडीला काउंट म्हणतात आणि 3-2 ला फुल काउंट (जपानमध्ये कित्येक वर्षं हे उलटं होतं, आधी स्ट्राइक मग बॉल, आता तिथेही बॉल आधी).

आता समजा काउंट 3-2 आहे, दोन आऊट झालेत आणि रनर फक्त पहिल्या बेसवर आहे. पिचर बॉल टाकायला वळला की हा रनर सुटतोच, कारण त्याचं नुकसान काहीच नाहीये. चौथा बॉल पडला तर बॅटरला वॉक मिळतो, म्हणजे तो फुकटात पहिल्या बेसवर जातो, आणि याला पुढचा बेस आपोआप मिळतो, तिसरा स्ट्राइक पडला तर तसंही इनिंग संपली, फाउल गेला (फटका रेषेबाहेर पडला) तर परत येऊन उभं राहायचं, आणि फटका नीट बसला तर याने आधीच बरंच अंतर तोडलेलं असतं, मग तो थेट तिसऱ्या बेसपर्यंत किंवा घरापर्यंत (होम प्लेट, तिथे पोचला की रन) जातो. आजींनी बोर्ड वाचला होता, बास.

दुसरी गोष्ट म्हणजे ती आडवी पट्टी, प्रत्येक इनिंगचे रन आणि शेवटी तीन रकाने, रन, हिट (फटका मारून बॅटर बेसवर पोचला), एरर (फिल्डरची चूक). तुम्ही उशिरा पोचलात तरी ही पट्टी तुम्हाला मॅच सांगते. तिसऱ्या इनिंगखाली 4 दिसले की समजायचं तिथे पिचरचं काहीतरी बिघडलं. हिट 11 आणि रन 2 असतील तर ही टीम माणसं बेसवर नेतेय पण घरी आणत नाहीये. एररमध्ये 3 दिसले तर फिल्डरनीच घोळ घातलाय.

म्हणून माझं पहिलं मागणं हेच की या गोष्टींची जागा ठरलेली असावी आणि ती कधीही, कशासाठीही रिकामी होऊ नये. एका स्टेडियममध्ये (नाव घेत नाही) तिन्ही बेस भरलेले, दोन आऊट, आणि अख्ख्या बोर्डावर गाडीची जाहिरात! आमच्या रांगेत सगळे एकमेकांना विचारत होते काउंट काय, काउंट काय, आणि ते कळेपर्यंत पुढचा बॉल पडून गेला. मला अजून त्याचा राग आहे. जाहिरात दाखवा, दोन इनिंगच्या मधे भरपूर वेळ असतो, पण पिचर पायाखालची माती सारखी करत असताना काउंट पुसायचा नाही.

प्रश्न: तुमचं वाचून मीही स्कोअरकार्ड भरायला लागलो. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातून बॉल सुटला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तर हे हिट लिहायचं की एरर? अनाउन्सर काही बोललाच नाही.

तुम्ही आम्ही ठरवायचं नसतं ते. प्रेस बॉक्समध्ये ऑफिशियल स्कोअरर बसलेला असतो, साधारण प्रयत्नात तो बॉल अडवता आला असता का हे तो ठरवतो आणि त्याचा निर्णय बोर्डावर यायला हवा, ठळक आणि लगेच. याची पद्धत जुनी आणि फार सुंदर आहे. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डमध्ये स्कोअरबोर्डाच्या माथ्यावर शेफर बिअरची पाटी होती, हिट झाली की त्या नावातलं एच पेटायचं आणि एरर झाली की ई. बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्समध्येही अनेक वर्षं द सन (The Sun) या वर्तमानपत्राची पाटी बोर्डावर होती आणि तिचीही अक्षरं अशीच पेटायची. जाहिरातच, पण ती प्रेक्षकाच्या कामाला यायची, हे मला फार आवडतं.

आता बोर्ड त्यापेक्षा कितीतरी मोठे झालेत आणि हा निर्णय मात्र रन-हिट-एररच्या रकान्यातला आकडा गुपचूप बदलून कळतो. म्हणजे आधी तिथे काय होतं ते तुम्ही लक्षात ठेवायचं! तोपर्यंत पेन्सिलने बारीक टिंब करून ठेवा आणि आकडा बदलला की भरा. पिचर नो-हिटर टाकत असेल, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट मिळालेली नसेल, तेव्हा तर हा एकच निर्णय सगळं स्टेडियम श्वास रोखून बघत असतं.

प्रश्न: फोनवर सगळ्या मॅचचे स्कोअर मिळतात, मग बोर्डावर दुसऱ्या गावच्या मॅच कशाला? ती जागा वाया जाते असं नाही वाटत?

अजिबात नाही वाटत, आणि का ते सांगायला मला एकच रात्र पुरेशी आहे, 28 सप्टेंबर 2011. रेग्युलर सीझनचा शेवटचा दिवस, टॅम्पा बे रेज आणि बॉस्टन रेड सॉक्स बरोबरीत, वाइल्ड कार्डची (गट न जिंकताही पुढच्या फेरीत जाण्याची) एकच जागा. रेज आपल्या घरी यँकीजविरुद्ध 0-7 ने मागे होते, तिथून आठव्या इनिंगमध्ये सहा रन काढले, नवव्यात दोन आऊट झालेले असताना होम रन (कुंपणापलीकडे फटका) मारून बरोबरी केली आणि मॅच लांबत लांबत बाराव्या इनिंगमध्ये गेली. तिकडे बाल्टिमोरला बॉस्टन नवव्या इनिंगमध्ये जिंकत आलेलं होतं, आणि दोन आऊट झाल्यावर हरलं. ही बातमी टॅम्पाच्या स्टेडियममध्ये पोचली तेव्हा मैदानावर खास काही घडलेलं नव्हतं, तरी लोक उसळले. आणि जेमतेम तीन मिनिटांनी इव्हान लोंगोरियाने होम रन मारून मॅच 8-7 अशी संपवली.

आता मला सांगा, प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये मान घालून वेगवेगळ्या सेकंदाला ते वाचणं आणि हजारो लोकांनी एकाच भिंतीवरचा एकच आकडा एकदम बदलताना बघणं, हे सारखं आहे का? बाहेरगावच्या स्कोअरचा बोर्ड त्यासाठी लागतो. सप्टेंबरमध्ये तर लागतोच लागतो. आणि नुसता स्कोअर नको, कितवी इनिंग आणि पिचर कोण हेही हवं, कारण 4-3 दुसऱ्या इनिंगमध्ये आणि 4-3 नवव्यात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रश्न: शिकागोच्या रिग्ली फील्डचा हाताने चालवायचा बोर्ड अजून का ठेवलाय? नुसतं जुन्याचं प्रेम?

प्रेम आहेच, असायलाच हवं, 1937 सालचा बोर्ड आहे तो. पण वाचायलाही तो उत्तम आहे. आत माणसं बसलेली असतात आणि आकड्यांच्या पाट्या हाताने बदलतात, त्यामुळे कोणताही आकडा उड्या मारत नाही, चमकत नाही, आणि तुम्ही ज्या कोपऱ्यात शोधाल तिथेच असतो. सगळ्या मॅच त्यात मावत नाहीत हे खरं. वरच्या काठीवर झेंडे असतात, नॅशनल लीगच्या (शिकागो कब्ज, म्हणजे रिग्लीची घरची टीम, ज्यात खेळते ती लीग) टीम आज ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने लावलेले, आणि मॅच संपली की कब्ज जिंकल्याचा पांढरा किंवा हरल्याचा निळा झेंडा चढतो, तो रस्त्यावरच्या माणसालाही दिसतो. 2015 मध्ये त्यांनी लेफ्ट फील्डला मोठी व्हिडिओ स्क्रीन लावली पण जुन्या बोर्डाला हात लावला नाही. मला हेच बरोबर वाटतं, चित्र एकीकडे आणि हिशोब एकीकडे.

प्रश्न: मला लाल आणि हिरवा नीट ओळखता येत नाही. बॉस्टनला फेनवेमध्ये दिवे बघून माझा गोंधळ झाला.

तुमचं पत्र वाचून मलाच जरा लाज वाटली, मी इतकी वर्षं जाते पण हे कधी डोक्यात आलं नाही. फेनवेच्या त्या 37 फुटी हिरव्या भिंतीवर बॉलसाठी हिरवे दिवे आणि स्ट्राइक आणि आऊटसाठी लाल दिवे असतात. रंग सोडून द्या आणि जागा पाठ करा, कोणता गट बॉलचा, कोणता स्ट्राइकचा, कोणता आऊटचा, आणि मग प्रत्येक गटात किती पेटलेत तेवढंच मोजायचं. पण नवीन बोर्ड करताना तरी रंगाच्या बरोबर अक्षर आणि आकडा हवाच.

याच्याच जवळची तक्रार आणखी एका वाचकाने केलीय, की ते बोर्डाच्या बरोबर खाली बसले आणि अख्खी मॅच त्यांना काउंट दिसला नाही. समोरच्या बाजूला, होम प्लेटच्या वरच्या पट्टीवर, छोटा का होईना पण दुसरा बोर्ड हवा. स्वस्त तिकीटवाल्यांनाही मॅच कळायला हवी ना.

प्रश्न: ओपीएस, एक्झिट व्हेलॉसिटी (फटक्याचा वेग), लाँच अँगल (फटका किती कोनात उडाला)... हे सगळं खरंच हवंय का लोकांना?

काही हवंय. ओपीएस मी ठेवीन, कारण बॅटर किती वेळा बेसवर पोचतो आणि किती लांब मारतो या दोन्हीची ती बेरीज आहे, नुसत्या अ‍ॅव्हरेजमध्ये (हिटचं प्रमाण) वॉक मोजलेच जात नाहीत. 2015 पासून सगळ्या मोठ्या स्टेडियममध्ये स्टॅटकास्ट ही मोजमाप करणारी यंत्रणा आली, तेव्हापासून फटक्याचा वेग लगेच कळतो, आणि जो बॉल सरळ फिल्डरच्या हातात गेला तो ताशी 110 मैलांनी गेला हे वाचून त्या बॅटरबद्दल वाईट वाटतं, हे मला आवडतं. पिचचा वेग आणि प्रकार तर हवाच, कारण वरच्या सीटवरून स्लायडर आणि चेंजअप ओळखणं आपल्याला शक्य नाही.

पण सगळ्यात जास्त मला हवा असतो पिच काउंट, म्हणजे पिचरने आत्तापर्यंत एकूण किती चेंडू टाकले, आणि तोच कुठेतरी कोपऱ्यात बारीक असतो. पिचरने 94 चेंडू टाकलेत आणि बुलपेनमध्ये (राखीव पिचर तयारी करतात त्या जागी) कोणीतरी हात गरम करतंय, हे दोन्ही एकत्र कळलं की पुढची दहा मिनिटं तुम्ही वेगळ्याच नजरेने बघता. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बॅटरचं अ‍ॅव्हरेज .083 दाखवून काय कळतं हो, तो बारा वेळाच बॅटिंगला आलेला असतो. तेव्हा मागच्या सीझनचे आकडे दाखवावेत.

प्रश्न: पिच क्लॉकमुळे (चेंडू टाकायला किती वेळ उरला ते दाखवणाऱ्या घड्याळामुळे) लक्ष विचलित होतं. काढून टाकायला हवं?

नको. 2023 मध्ये ते आलं आणि नऊ इनिंगची मॅच सरासरी 24 मिनिटांनी कमी झाली, शाळेतली मुलं शेवटपर्यंत बसायला लागली. तक्रार वेगळी आहे. पिचरने वेळ चुकवली तर एक बॉल मोजला जातो, बॅटरने चुकवली तर स्ट्राइक, म्हणजे एकही चेंडू न टाकता काउंट बदलतो आणि लोक बघत राहतात की हे झालं काय! अशा वेळी बोर्डावर एक ओळ यायला हवी, कोणाची चूक आणि काय शिक्षा.

रिप्लेचंही तसंच. पूर्वी वादाचा निर्णय स्टेडियममध्ये पुन्हा दाखवायला बंदी असायची, अंपायरवर लोक भडकतील म्हणून, आणि घरी टीव्हीसमोर बसलेल्याला जे दिसायचं ते तिकीट काढून आलेल्याला दिसायचं नाही. 2014 पासून दाखवायला परवानगी आहे. आणि 2026 च्या सीझनपासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयालाही चॅलेंज देता येतं, बॅटर, पिचर किंवा कॅचरने आपल्या टोपीवर किंवा हेल्मेटवर हाताने थोपटायचं, टीमकडे सुरुवातीला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं. किती शिल्लक आहेत तो आकडा कायम दिसायला हवा, नाहीतर नवव्या इनिंगमध्ये बॅटर नुसता हात चोळत का परत चाललाय ते कळणारच नाही.

प्रश्न: बोर्डावर सारखं "आवाज करा, आवाज करा" येतं, मला ते अपमानास्पद वाटतं. माझंच चुकतंय का?

नाही, तुमचं बरोबर आहे. लहान मुलांना मजा येते म्हणून एखाद-दुसऱ्या वेळी ठीक, पण मॅच माहीत असलेल्या माणसाला कधी ओरडायचं ते सांगावं लागत नाही, काउंट दाखवला की तो आपोआप उठतो.

6 सप्टेंबर 1995, कॅम्डेन यार्ड्स. बाल्टिमोरच्या कॅल रिपकेनने लू गेरिगचा सलग 2,130 मॅच खेळण्याचा विक्रम आदल्याच दिवशी गाठलेला होता. राइट फील्डच्या मागे विटांचं लांबच लांब जुनं गोदाम आहे, त्याच्या भिंतीवर तो आकडा मोठ्या कापडी फलकांवर लावलेला. पाचव्या इनिंगच्या मध्यावर मॅच नियमाने ग्राह्य झाली आणि फलक उलगडून शेवटचा आकडा बदलला, 2,131. लोक उभे राहिले आणि टाळ्या 22 मिनिटं चालू राहिल्या, मॅच थांबलेली, रिपकेन मैदानाला फेरी मारत कठड्यापाशी उभ्या असलेल्या लोकांशी हात मिळवत होता, आणि गोदामावर तेवढा एक आकडा.