गिरणी वाढली, डाळ का वाढली नाही?

प्रश्न : लातूरजवळ माझी तुरीची छोटी डाळ मिल आहे. कर्ज काढून भरडाईचे दुसरे यंत्र बसवले, तरीही दिवसाला चाळीस क्विंटलच्या वर तूर निघत नाही. यंत्रात दोष असेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या पत्रात कारण जवळजवळ आलेलेच आहे, कारण वाळवणीच्या फरशीवर सतत १२० क्विंटल तूर पसरलेली असते, असे आपण लिहिले आहे. तुरीचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असल्यामुळे दाण्याला ओरखडे पाडून, तेलाचा हात देऊन आणि रात्रभर मुरवून तिला उन्हात वाळवावे लागते. फरशीवरचा माल १२० क्विंटल आणि रोजची उचल ४० क्विंटल, म्हणजे प्रत्येक घाणा तिथे तीन दिवस अडकतो. सर्वांत संथ टप्पा जेवढा माल पुढे सोडतो तेवढाच माल गिरणीतून बाहेर पडतो, त्यामुळे दुसरे यंत्र बहुतेक वेळ रिकामेच उभे राहत असणार. (यंत्र विकणारा हे सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.)

आधी फरशी वाढवावी किंवा गरम हवेच्या वाळवणयंत्राचा खर्च काढून पाहावा. पावसाळ्यात त्याचा उपयोग अधिक होईल. मात्र घाईने ओलसर तूर भरडू नये, कारण टरफल नीट सुटत नाही, पुन्हा घासावे लागते आणि चुणी (डाळीचे बारीक तुकडे नि भुकटी) वाढून डाळीचा उतारा घटतो. तोवर दुसऱ्या यंत्रावर शेजारच्या शेतकऱ्यांचा हरभरा मजुरीने भरडून द्यावा, म्हणजे निदान हप्ता निघेल.