जावयाची शिकार आणि मेव्हण्याची जीभ

प्रिय मेव्हणेबुवा,

पत्राखाली आपण ‘कऱ्हाड तालुक्यातला एक मेव्हणा’ एवढीच सही केली आहे, म्हणून हे संबोधन. इतर वाचकांसाठी आपली हकिगत थोडक्यात सांगते. आपली थोरली बहीण आणि दाजी गेली बारा वर्षे टेक्सासमध्ये आहेत. जानेवारीत धाकट्या भाच्याच्या जावळासाठी ते गावी आले असताना, मटणाची पंगत बसलेली असतानाच, दाजींनी त्यांच्या हरणाच्या शिकारीची चित्रफीत मोबाइलवर सगळ्यांना दाखवली. तीत पत्र्याची उंच खोपी, आत फिरती खुर्ची, पायाशी गॅसची शेगडी, मांडीवर चिप्सचा पुडा आणि समोर शंभरेक पावलांवर घड्याळाच्या ठोक्याला मका उधळणारे यंत्र दिसत होते. ते पाहून आपण भर पंगतीत म्हणालात, “दाजी, शिकारीला गेला होता की पेन्शन खायला? मका टाकून तर आमची म्हातारी रोज कोंबड्या गोळा करते.” पन्नाससाठ माणसे हसली. दाजी मात्र पानावरून उठले, हात धुतला आणि माडीवर जाऊन बसले. ते परत गेल्यापासून अक्कांचा फोन नाही, आणि आपण विचारता की, मावशी, यात माझे काय चुकले?

विनोद चुकला नाही, हे आधी कबूल करते, कारण पत्र वाचताना मीही हसले. आळशी शिकारी हा प्राणी जगभर सारखाच असतो. पहाटे चारचा गजर लावून सात वाजता उठायचे, उन्हे अंगावर घेत रानात शिरायचे आणि दुपारी परत येऊन ‘यंदा हरणेच कमी झाली’ म्हणून सरकारला दोष द्यायचा; वारा कोठून वाहतो हे न पाहता बसायचे आणि आपला वास सावजाच्या नाकाशी आपणच पोचवायचा; हरीण शेपटीचा पांढरा झुबका उंचावून उधळले, की आदल्या रात्रीच्या चांदण्याला नावे ठेवायची; आणि चुकूनमाकून एखादे पडलेच, तर फोटोसाठी त्याच्यामागे दोन हात सरकून बसायचे, म्हणजे शिंगे दुप्पट दिसतात. आमचा एक मामा खानापूर तालुक्यात ठासणीची बंदूक घेऊन डुकराच्या वाटेवर रात्र रात्र बसत असे. ही गोष्ट शिकारबंदीच्या कायद्याआधीची आहे. मामाला पान खाल्ल्याशिवाय दम निघत नसे आणि त्याच्या चुन्याच्या डबीचे झाकण उघडताना ‘टक्’ असा आवाज होई. मळ्यातली माणसे सांगत की, त्या शिवारातली डुकरे तो आवाज ओळखून दुसऱ्या बांधाने उसात जात. मामाने हयातीत एकही डुक्कर मारले नाही, पण त्याच्या गोष्टींत दरवर्षी एक डुक्कर वाढत असे आणि आम्ही ते मुकाट्याने ऐकून घेत असू.

तरीही दाजींच्या बाजूचे एकदोन मुद्दे आपल्याला ठाऊक असावेत. टेक्सासमध्ये बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. शिकारी हंगामापुरते रान भाड्याने घेतात, परवाना काढतात, आणि 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. त्या रानात मका टाकून हरणे बोलावणे तिथे कायदेशीर आहे आणि सर्रास चालते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्याही तिथे भरपूर आहे. म्हणजे दाजींनी चोरी केलेली नाही. त्यांनी फक्त कष्ट वाचवले, आणि कष्ट वाचवणाऱ्या माणसाची थट्टा करण्याचा हक्क शेतकऱ्याच्या घरात कोणालाही आहे.

मात्र पत्राच्या शेवटी आपण एक ओळ जाता जाता लिहिली आहे, आणि मला खरी बोच तिथे लागली. दाजींनी त्याच चित्रफितीतले दुसरे हरीण दाखवून सांगितले की, ते गोळी लागून झाडीत गेले, अंधार पडत होता, थंडी होती, म्हणून ते खोपीतून उतरले नाहीत. त्यावर कोणीच बोलले नाही, आपणही नाही. पंगतीतले सगळे हसू शेगडीवर आणि चिप्सवर खर्च झाले. खोपीत घोरणे ही आळशीपणाची गमतीची बाजू झाली, पण जखमी जनावराचा माग न काढणे हा तोच आळस असूनही त्यात गंमत नाही. गोळी फुप्फुसात लागली असेल, तर फेसाळ, गुलाबी रक्ताचे थेंब पाचोळ्यावर पडत जातात आणि हरीण सहसा थोड्याच अंतरावर सापडते; ती पोटात लागली असेल, तर चांगला शिकारी लगेच मागे धावत नाही, काही तास थांबतो आणि मग कंदील घेऊन एकेका पानावर नजर ठेवत जातो, कारण घाईने हुसकलेले जनावर आणखी लांब जाऊन तडफडत मरते. टेक्सासच्या कायद्यातसुद्धा, मारलेले किंवा घायाळ केलेले सावज जाणूनबुजून तसेच सोडून देणे आणि ते मिळवण्याचा रास्त प्रयत्न न करणे हा गुन्हा आहे. आपल्याला दाजींना बोलायचेच होते, तर इथे बोलायला हवे होते, आणि तेही माडीवर, दोघेच असताना.

आता चुकीबद्दल. आपण थट्टा केली ती जावयाची, सासुरवाडीत, त्याच्याच मुलाच्या जावळात, आणि दाजींचे थोरले चुलते शेजारच्या पाटावर बसलेले असताना. पंगतीत जावयाला आग्रहाने वाढतात, कारण तिथे त्याचा मान मोठा असतो. बारा वर्षांनी घरी आलेल्या माणसाला ‘तिकडे राहूनही आपल्यात रांगडेपणा उरला आहे’ एवढेच दाखवायचे होते, आणि आपण ते कोंबड्यांच्या ओळीला नेऊन बसवले. हीच थट्टा त्यांना रात्री शेकोटीवर ऐकवली असती, तर त्यांनीच ती पुढे टेक्सासात मित्रांना सांगितली असती.

आणखी एक गोष्ट आपण विनोद म्हणून लिहिली आहे, ती मला विनोद वाटत नाही. चित्रफीत पाहून आपला एकोणीस वर्षांचा पुतण्या ‘आपणही चांदोलीकडे एखादे भेकर बघू’ असे मित्रांशी बोलू लागला आहे. त्याला आजच समोर बसवा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हौसेच्या शिकारीला बंदी आहे. चांदोली 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, 2010 पासून ते कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते, आणि तिथल्या शिकारीसाठी किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आहे. परवाना काढून दाजींनी केलेली गोष्ट आणि पुतण्याच्या डोक्यातली गोष्ट यांत हा फरक आहे, हे त्याला दाजींच्याच तोंडून कळले तर अधिक पटेल. त्याला हरणे पाहायचीच असतील, तर आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात सागरेश्वर आहे. पहाटे जा, बोलू नका, आणि मोबाइल बंद ठेवा. चितळांचा कळप दिसला तर दिसला.

फोन आपणच करा, अक्कांना नको, थेट दाजींना. ‘गंमत होती हो’ हे वाक्य टाळा, कारण त्यात ‘तुम्हाला विनोद कळत नाही’ असा दुसरा टोमणा दडलेला असतो. ‘पंगतीत बोलायला नको होते, पानावरून उठावे लागले याचे मला वाईट वाटते’ एवढे म्हणा आणि थांबा. ते बोलते झाले, तर पुतण्याची गोष्ट सांगून त्याला समजावण्याची विनंती करा. जावयाला घरातल्या पोराला शिकवायचे काम मिळाले, की निम्मा रुसवा तिथेच उतरतो. दुसऱ्या हरणाचा विषय पहिल्या फोनवर काढू नका. तो पुढच्या भेटीसाठी ठेवा, पण विसरू नका.

शनिवारी रात्री आठ वाजता केलात, तर तिकडे सकाळचे साडेआठ झालेले असतील. फेब्रुवारीत तिथला हरणांचा मुख्य हंगाम संपलेला असतो, तेव्हा दाजी खोपीत नसून घरीच चहा घेत असतील, आणि आपल्या फोनच्या घंटीने कोणतेही हरीण उधळणार नाही.

आपली,
मावशी