ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये पाणी गेलंय, पंप लगेच उघडावा का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही भांडुपला राहता, शेती माणगावकडे आहे आणि ती भाऊ बघतो. ऐन चिखलणीत ट्रॅक्टर पांढरा धूर सोडत बंद पडला. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं, दोनदा रिकामी केली तरी परत भरली. गावचा मेकॅनिक म्हणतो पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप, उघडावा लागेल, आणि शेजाऱ्याने टाकीत स्पिरिट ओतायला सांगितलंय. पेट्रोल पंप लांब असल्यामुळे डिझेल ड्रममध्ये भरून घरी ठेवता.

मी कुर्ल्याला डिझेल पंप आणि नोझलचं (इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीचं) काम करतो, वीस वर्षं उलटून गेली. वर्सोव्याच्या होड्या, सोसायट्यांचे जनरेटर, वसई-पालघरचे पॉवर टिलर, कोकणातले ट्रॅक्टर, सगळ्यांचे पंप आमच्या बाकावर येतात. जून ते सप्टेंबर त्यातले बरेच पाण्यानेच खराब झालेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी भावाला फोन करा आणि सांगा, स्टार्टर मारू नकोस. बाकीचं नंतर वाचा.

हे मी २००५ मध्ये शिकलो. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीचं पाणी कुर्ल्यात घुसलं. मी तेव्हा नवीनच कामाला लागलो होतो. पाणी ओसरल्यावर टेम्पो आणि जनरेटरवाल्यांची रांग लागली. ज्यांनी आधी टाकी रिकामी केली, फिल्टर बदलले आणि मगच इंजिन चालू केलं, त्यांचं बहुतेक तेवढ्यावर भागलं. ज्यांनी 'लागते का बघू तरी' म्हणून चावी फिरवली, त्यांचे पंप खोलावे लागले.

कारण असं आहे की पंपातला प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यामधली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्या फटीत ग्रीस नसतं, ऑइल नसतं. डिझेल हेच तिथलं वंगण. डिझेलच्या जागी पाणी गेलं की पोलाद पोलादावर घासतं, आणि ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला तर गंज धरतो. चांगला प्लंजर डिझेलात बुडवून तिरप्या धरलेल्या बॅरलमध्ये सोडला की स्वतःच्या वजनाने संथपणे खाली उतरतो. पाण्याने धरलेला असेल तर त्याच्या आरशासारख्या अंगावर काडीपेटीतल्या काडीच्या टोकाएवढा तपकिरी डाग दिसतो. बोट फिरवलं तर काही लागत नाही. पण बॅरलमध्ये सोडला की बरोबर त्या डागापाशी अडतो. एवढ्याशा डागापायी अख्खा एलिमेंट, म्हणजे दोन्ही मिळून, बदलावा लागतो, कारण प्लंजर आणि बॅरल ही जोडी एकत्र घासून बनवलेली असते. एकाचा प्लंजर दुसऱ्यात चालत नाही. नोझलचं आणखी वेगळं. टोकाशी गरम भागात पाण्याची एकदम वाफ होते, आणि त्या धक्क्याने टोक उडालेली नोझलं मी पाहिली आहेत.

तर आता पंप उघडायचा का? नाही, लगेच नाही. शेतात किंवा पडवीत तर मुळीच नाही. आधी पंपाच्या अलीकडचं सगळं, म्हणजे टाकी आणि फिल्टर, साफ करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त ट्रॅक्टर तेवढ्यावर चालू होतात.

ट्रॅक्टर रात्रभर न हलवता उभा ठेवा, जमल्यास असा की टाकीचा ड्रेन प्लग सखल बाजूला येईल. पाणी डिझेलपेक्षा जड असतं. डिझेलची घनता ०.८३ च्या आसपास, पाण्याची १, त्यामुळे सुटं पाणी तळाशी बसतं. सकाळी प्लग सोडून पहिलं लिटर-दोन लिटर एका पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी आणि डिझेल यांच्यातली रेघ दिसली तर पाणी किती ते लगेच कळेल. रेघ नीट दिसत नसेल तर फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब टाका. शाई डिझेलात मिसळत नाही, थेंब खाली जातो आणि पाणी असेल तर तेवढंच निळं करतो. डिझेल ताकासारखं गढूळ दिसलं तर पाणी बारीक होऊन मिसळलंय. ते बाटलीत एक दिवस ठेवूनही निवळलं नाही तर तसलं डिझेल ट्रॅक्टरला परत घालू नका.

तुमच्या वाटीत पाणी दोनदा परत आलंय, म्हणजे टाकीत बरंच असणार. नुसता तळ सोडून भागणार नाही, टाकी पूर्ण रिकामी करा. आतून पुसायला धागे न सुटणारं सुती कापड घ्या, कॉटन वेस्ट नको. हे सगळं इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत करा, आणि आसपास विडी-सिगारेट नको.

दोन्ही फिल्टर नवे टाका. कागदी फिल्टर पाण्याने फुगतो. धुऊन, हवा मारून, उन्हात वाळवून परत बसवणारे लोक आहेत, पण ओला झालेला कागद पुन्हा पहिल्यासारखा गाळत नाही. पंपाच्या किमतीपुढे फिल्टरची किंमत काहीच नाही. काचेची वाटी पुसून घ्या आणि तिचं रबर चिरलेलं नाही ना बघा.

मग एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, काढायची. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाची हातपट्टी मारत फिल्टरवरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे जाऊन सलग धार आली की घट्ट करा. तेच पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलकडचे पाइपाचे नट थोडे सैल करून स्टार्टर दहा सेकंद मारा, थांबा, परत मारा. फवाऱ्यासमोर हात धरू नका, अगदी हातमोजे घातले असले तरी. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत हात सडायला लागतो. तसं झालं तर दुखत नसलं तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं.

एक महत्त्वाचं. वर सांगितलेली एअर काढायची पद्धत जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो. त्याच्या पाइपांना हात लावू नका. टाकी आणि फिल्टर झाले की पुढचं काम कंपनीच्या मेकॅनिकचं.

स्पिरिटबद्दल विचारलंत. ओतू नका. स्पिरिट पाण्याला धरून ठेवतं हे खरं, पण त्यामुळे जे पाणी वाटीत अडकलं असतं ते डिझेलबरोबर सरळ पंपात जातं. वर स्पिरिटला वंगणपणा नाही, आणि ते डिझेलपेक्षा फार लवकर पेट घेतं. रॉकेलनेही पाणी निघत नाही. बाजारात मिळणाऱ्या औषधांत पाणी वेगळं करणारी असतात आणि पाणी मिसळवून टाकणारीही असतात. तुमच्याकडे सुटं पाणी आहे, त्याला औषध लागत नाही, प्लग सोडला की ते निघतं.

आता मला खरंच जे सांगायचंय ते. पाणी काढाल, फिल्टर बदलाल, ट्रॅक्टर चालू होईल, आणि पंधरा दिवसांनी परत तेच होईल, जर पाणी आलं कुठून हे शोधलं नाही तर. बहुतेक जण म्हणतात, पावसाळी हवा आहे, टाकीत दव धरलं. हिशोब करून बघा. टाकी ६० लिटरची, अर्धी रिकामी, म्हणजे आत ३० लिटर हवा. ३० अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. म्हणजे तुमच्या टाकीतल्या हवेत एक ग्रॅमसुद्धा नाही. रोज रात्री ते सगळं निथळलं तरी महिन्याला पंचवीस-तीस ग्रॅम. चार महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला हे त्रास देईल, म्हणून उभा ठेवताना टाकी भरून ठेवावी हे बरोबरच आहे. पण रोज चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पाव-अर्धा लिटर पाणी दवाने येत नाही.

डिझेलमध्ये मुळातच असलेलं पाणी म्हणावं, तर बीएस-६ डिझेलला किलोमागे २०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. २०० लिटरच्या ड्रममध्ये साधारण १६५ किलो डिझेल, म्हणजे फार तर ३३ ग्रॅम पाणी. तेही नाही. तुमच्याकडे पाणी कुठूनतरी पाण्याच्याच रूपात आत गेलंय.

मला पहिला संशय ड्रमवर आहे. काही वर्षांपूर्वी मुरबाडहून एक शेतकरी कल्याणला येऊन सकाळच्या लोकलने तांदळाच्या गोणीत पंप गुंडाळून घेऊन आले. पंप करून दिला. तीन आठवड्यांनी तेच गृहस्थ, तोच पंप, तीच गोणी. तेव्हा मी रविवारी त्यांच्या घरी गेलो. ड्रम गोठ्याच्या कडेला पागोळ्यांखाली उभा होता, दोन्ही बुचं आवळून बंद. मालक म्हणाले, बघा, थेंब आत जायला जागा नाही. पण ड्रमच्या डोक्यावर कडेच्या आत पाणी साचलं होतं आणि बुचाभोवती गंजाचं कडं उमटलं होतं. बूच हाताला घट्ट लागतं, तरी त्याच्या आट्यांमधून हवा जाते. दिवसा ऊन पडलं की आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, पत्रा गार झाला की ड्रम श्वास आत ओढतो, आणि बुचावर पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणीच ओढतो. त्या गोल डोक्यावर एक सेंटिमीटर पाणी साचलं तर ते अडीच लिटर भरतं. आम्ही तळातून नळी घालून पाणी काढलं, दीड बादली निघालं. ड्रम पडवीत घेतला. त्यानंतर तो पंप माझ्याकडे आलेला नाही.

म्हणून भावाला विचारा, ड्रम उभा आहे की आडवा, आणि छपराखाली आहे का. भरलेला ड्रम बाहेरच ठेवावा लागत असेल तर आडवा ठेवा, असा की दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. मग आतून बुचांवर डिझेल राहतं आणि बाहेरचं पाणी ओढलं जात नाही. वापरात असलेला ड्रम छपराखाली, एका बाजूला विटेचा तुकडा देऊन किंचित कलता ठेवा. हातपंपाची नळी उंच बाजूला आणि तळापासून चार बोटं वर असू द्या. तळाचं पाणी दर महिन्याला वेगळं काढा. ते विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका, जुनं ऑइल नेणाऱ्याला द्या. ड्रमला जस्ताचा मुलामा असेल तर तो डिझेलला वापरू नका, जस्ताने डिझेलात चिकट साका धरतो आणि तो नोझलमध्ये अडकतो.

फिल्टरमध्ये काळं, शेवाळासारखं बुळबुळीत काही निघालं तर ती बुरशी. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात तिथेच ती वाढते, म्हणजे पाणी तिथे बरेच दिवस होतं. अशा वेळी ड्रम आणि टाकी आतून पूर्ण साफ केल्याशिवाय नवीन डिझेल भरू नका.

ड्रम कोरडा निघाला तर टाकीचं झाकण बघा. रबर सुकलेलं असतं, आणि ट्रॅक्टर धुताना पाइपाची धार थेट झाकणावर मारली जाते. नरसाळं आणि कॅन पावसात उघडे राहतात का, तेही विचारा. पेट्रोल पंपाचा संशय शेवटी घ्या, पण घ्यायचाच झाला तर नुसती घनता तपासून घेऊन फायदा नाही, तळाला बसलेलं पाणी त्यात कळत नाही. डिपच्या रॉडला, म्हणजे डिझेल मोजायच्या सळईला, पाणी शोधायची पेस्ट लावून त्यांची टाकी मोजायला सांगा. तळाशी पाणी असलं तर पेस्टचा रंग बदलतो. डिझेल घेतल्याचं बिल जपून ठेवा.

हे सगळं करूनही नोझलपर्यंत डिझेल पोचत नसेल, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली पट्टी) अडकलेला असेल किंवा इंजिनाचा वेग आपोआप भरकटत असेल, तर मात्र पंप उतरवावाच लागेल. उतरवताना टायमिंगची खूण करून ठेवा, म्हणजे पंप परत त्याच जागी जुळवता येईल. पंप पाण्याने किंवा सोड्याने धुऊ नका. आत स्वच्छ डिझेल भरा, सगळी तोंडं बुचांनी बंद करा, नाहीतर निदान प्लास्टिक बांधा, आणि त्याच दिवशी एसटीत टाका. माणगावहून कुर्ल्याला यायला एक दिवस लागतो, पण आत ओला राहिलेला पंप आठवडाभर पडवीत पडला तर पुढे मलाही काही करता येत नाही. ड्रम कसा ठेवलाय आणि बाटलीत किती पाणी दिसलं, हे दोन्ही इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगतो.