सोयाबीन: बी घरचं की दुकानचं?

प्रश्न : ताई, आम्ही संकेश्वरजवळचे. दीड एकर सोयाबीन. गेल्या मिरगाला दुकानातून आणलेलं बी निम्मंच उगवलं. पावती घेतली नव्हती, पिशवीही फेकली, तक्रार कशाच्या जोरावर करणार? यंदा घरचं पेरू का? कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात सवलतीचं बी मिळतं म्हणतात, पण उतारा थोरल्या भावाच्या नावावर आहे.

उत्तर : दादा, घरचं पेरा, पण मोजून. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून घरचं बीही मूळ वाणासारखंच राहतं. प्रमाणित बियाण्यातून आलेला चांगला माल पुढं दोन वर्षं बी म्हणून चालतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं घरचं बी राखायला, पेरायला, शेजाऱ्याला द्यायलाही मुभा आहे.

या बियाची साल फार नाजूक. आमच्या निपाणीकडच्या शेतात एका वर्षी गड्यांनी ट्रॉलीवरून पोती खाली टाकली. मी बघत होते, बोलले नाही. मिरगाच्या तोंडावर शंभर दाणे तपासले तर चोपन्नच उगवले. त्या वर्षापासून बियाच्या पोत्याला मी स्वतः हात लावते. मळणीला ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 च ठेवते, थप्पी चार पोत्यांच्या वर जाऊ देत नाही.

तुम्ही आजच पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ दाणे काढा. न निवडता शंभर मोजा, ओल्या बारदानात ओळीनं मांडून गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी धड मोड आलेले तेवढेच धरा. सत्तर आले तर एकरी 30 किलो पुरे. साठ आले तर 35. त्याखाली गेलं तर ते पेरू नका, धान्य म्हणून विकून टाका.

मग केंद्राची वाट धरा. तिथं फ्रूट्स नंबर, म्हणजे कर्नाटक सरकारकडचा शेतकरी नोंदणी नंबर, लागतो आणि तो उताऱ्यावरच्या नावाचा, म्हणून थोरल्या भावांनाच सोबत न्या. खंडानं कसणाऱ्या बायाबापड्यांना हीच अडचण येते, आणि सवलतीची खरी गरज त्यांनाच. हा नियम बदलायला हवा, असं मी मनापासून म्हणते. प्रमाणित बियाच्या पिशवीला निळा टॅग असतो. पावती कन्नडमध्ये असली तरी लॉट नंबर टॅगशी जुळवून घ्या. पिशवी तळाकडून फोडा, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा.

बारदानातला आकडा कळवा. दीड एकराला किती लागेल ते लगेच सांगते.