गाडी गरजेची आणि मशीन चैनीची?

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून हे पत्र आले आहे. लिहिणाऱ्या ताई अडतीस वर्षांच्या आहेत. सहा एकर कोरडवाहू शेती, त्यात कपाशी, तूर आणि थोडे सोयाबीन. घरात यजमान, सासूबाई, बारावीची मुलगी आणि आठवीतला मुलगा. गेल्या वर्षी जुनी मोटारसायकल चालू स्थितीत असताना यजमानांनी हप्त्यांवर नवी घेतली आणि उन्हाळ्यात भाचीच्या लग्नात मामा म्हणून सोन्याची अंगठी व आलमारी दिली. ताईंना कंबरदुखीचा त्रास आहे. त्यांनी कपडे धुण्याची मशीन मागितली तेव्हा उत्तर मिळाले, “कायले पाहिजे मशीन? माह्या मायनं जनमभर हातानंच धुतले ना!” लाडकी बहीण योजनेच्या पैशांतून ताईंनी अकरा हजार रुपये साठवले आहेत. गरज कशाला म्हणायचे आणि चैन कशाला, हे कोणी ठरवायचे, आणि या पैशांतून कोणाला न विचारता मशीन घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

घरातल्या खर्चांचा निवाडा मी करावा आणि तो तुमच्या बाजूने लागावा, अशी तुमची अपेक्षा पत्राच्या सुरावरून दिसते. मशीनपुरता तो तसाच लागणार आहे. परंतु घरच्यांच्या “चैनीची” जी यादी तुम्ही दिली आहे ती मला सगळीच्या सगळी मान्य नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

ज्या गावात एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येते, तिथे मोटारसायकलीला चैन म्हणता येत नाही. कृषी केंद्रातून खत-औषध आणणे, सासूबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, मुलीला फाट्यापर्यंत सोडणे, ही सारी कामे गाडीवरच होतात असे तुम्हीच लिहिले आहे. मात्र जुनी गाडी अजून चालत होती, त्यामुळे गाडी ही गरज असली तरी नव्या गाडीवर गेलेल्या पैशांतला बराचसा वाटा चारचौघांत उठून दिसण्यासाठी गेला, असे म्हणावे लागते. एकाच वस्तूत दोन्ही गोष्टी अशा मिसळलेल्या असतात, म्हणून वस्तूंच्या नावांवर शिक्के मारत बसल्याने तुमच्या घरातले भांडण मिटणार नाही.

आहेराचेही तसेच आहे. कर्ज काढून लग्ने आणि सण साजरे करू नका, असे गाडगेबाबांनी आपल्याच अमरावती भागातून निघून गावोगावच्या कीर्तनांत आयुष्यभर सांगितले; तरीही त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशसूत्री संदेशात भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी यांच्याच रांगेत गरीब तरुण-तरुणींचे लग्न हेही आहे. बहिणीच्या मुलीच्या लग्नात मामा रिकाम्या हाताने उभा राहू शकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, आणि उद्या तुमच्या मुलीच्या लग्नात तिचा मामा येईल तेव्हा तुमचीही अपेक्षा वेगळी नसेल. अंगठी दिल्यावर आलमारीही द्यायला हवी होती का, एवढाच प्रश्न रास्त आहे, आणि तो लग्नाआधी विचारायचा असतो. झालेल्या आहेराचा उल्लेख आता पुन्हा करू नका, एवढी विनंती.

सासूबाईंची वर्षातून दोन वेळा होणारी शेगावची वारी तुम्ही चैनीत मोजली आहे, ती मात्र तिथून काढून टाका. २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मेच भाडे लागते. शिवाय ज्या बाईने चाळीस वर्षे या घराचे धुणे धुतले, तिने वर्षातले दोन दिवस महाराजांच्या दर्शनाला जाण्यासाठी कोणाकडे हिशेब द्यावा, असे मला वाटत नाही.

आता मशीनकडे वळते. तुमच्या घरात कूलर आहे, आणि त्याला तुमच्यापैकी कोणीच चैन म्हणत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे कूलर नसलेले घर म्हातारे आणि लहान मुले यांना सोसवत नाही, हे खरे आहे. पण एके काळी कूलर हीदेखील शहरातल्या सायबांच्या घरची वस्तू होती, आणि तुमच्या सासूबाईंच्या सासूबाईंनी जन्मभर ओल्या तट्ट्यांवर आणि हातपंख्यावर भागवले होते, तेव्हा मायने केले म्हणून बायकोने करावे हा नियम कूलरला का लावला गेला नाही, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याचे कारण असे की ऊन घरातल्या सगळ्यांना लागते आणि धुण्याने दुखणारी कंबर एकाच व्यक्तीची असते. ज्या त्रासाचा अनुभव खर्चाचा निर्णय घेणाऱ्याला स्वतःला येतो, त्यावरचा उपाय गरजेत लवकर जमा होतो. यजमान दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनी पाच माणसांचे धुणे सलग आठ दिवस कधी धुतलेले नाही, एवढेच.

सरकार आणि कायदा यांनी गरज कशी मोजली हे पाहण्यासारखे आहे. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यदलाने दारिद्र्यरेषेसाठी माणशी रोजचा आहार धरला, तेव्हा शहरात २१०० आणि खेड्यात २४०० कॅलरी असा फरक केला, कारण खेड्यातले शरीर जास्त राबते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० तर तुमच्या यजमानांनाही ऐकून माहीत असेल, कारण जप्ती हा विषय आपल्या भागाला नवा नाही. कर्जदार कितीही थकला तरी त्याचे, त्याच्या बायकोचे व मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत, आणि कर्जदार शेतकरी असेल तर उपजीविकेपुरती अवजारे, जनावरे आणि बियाणेही त्याच्याकडेच राहतात, असे हे कलम सांगते. दोन्ही ठिकाणी मोजमाप कष्टाचे आहे: राबणाऱ्या शरीराला काय लागते आणि काम करत राहण्यासाठी हातात काय असावे लागते. यजमान फवारणीच्या पंपाला चैन म्हणत नाहीत ते याच न्यायाने. मग धुणे हे काम आहे की नाही, एवढेच ठरायचे राहते.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणारे पुरुष शंभरातले सव्वीसच्या आसपास होते. तुम्ही ही सुमारे पाच तासांची पाळी करून वर वावरातही जाता, आणि वेचणीच्या दिवसांत स्वतःची कपाशी आटोपली की दुसऱ्याच्या वावरात किलोच्या दराने वेचायला जाता. धुण्यात गेलेल्या सकाळची किंमत तुमच्या घरात त्याच दराने काढता येते, फक्त ती आजवर कोणी काढलेली नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. फवारणीच्या दिवसांत यजमानांचे कपडे तुम्ही बाकीच्या धुण्याबरोबर त्याच बादलीत, उघड्या हातांनी धुता. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले, ते तुम्ही विसरला नसाल. औषध कपड्यात मुरते आणि कातडीतून अंगात जाते, त्यामुळे फवारणाऱ्याबरोबरच ते कपडे चोळणाऱ्यालाही धोका असतो. हे कपडे घरात न आणता बाहेरच वेगळ्या बादलीत भिजवावेत, रबरी हातमोजे घालून वेगळे धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. मशीन आली तरी ते बाहेर खळबळून घेतल्यावर स्वतंत्रच लावावेत आणि नंतर मशीन साबणाच्या पाण्याने एकदा रिकामी फिरवावी. मशीनचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल, हातमोजे मात्र या आठवड्यातच आणा.

यजमानांच्या सुपारी-तंबाखूच्या रोजच्या दोन खर्ऱ्यांवरही तुम्ही बोट ठेवले आहे. एक खर्रा वीस रुपयांचा धरला तरी वर्षाला चौदा हजार सहाशे रुपये होतात, म्हणजे तुमच्या मशीनहून अधिक. हा हिशेब बरोबर असला तरी मशीनच्या बोलण्यात तो काढू नका, असे मी आग्रहाने सांगेन. खर्रा ही गरज नाही, पण ज्याला त्याशिवाय राहवत नाही त्याच्यासाठी ती मौजही उरलेली नसते. ते व्यसन आहे. तोंडाच्या कर्करोगाचा धोका ध्यानात घेऊन त्याविषयी वेगळे, शांतपणे आणि शक्य तर डॉक्टरांसमोर बोलले पाहिजे. भांडणातला मुद्दा म्हणून खर्रा पुढे आला की यजमान दोन्ही विषय एकदमच टाळतील.

कोणाला न विचारता मशीन आणावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर “विचारू नका, पण सांगा” असे आहे. ते पैसे तुमच्या खात्यात, तुमच्या नावावर आलेले आहेत आणि त्यांच्यासाठी परवानगी मागण्याचे कारण नाही. मात्र एक दिवस अचानक टेम्पोतून खोके उतरले तर मशीनबद्दल कोणी बोलणार नाही, सगळे बोलणे तुम्ही लपवून ठेवल्याबद्दलच होईल. बोलण्याची वेळही नीट निवडा. मे-जून महिन्यांत, एकीकडे लग्नसराई संपलेली आणि दुसरीकडे बियाणे-खताची उधारी सुरू झालेली असते, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात कोणताही नवा खर्च चैनच वाटतो. कापसाचा चुकारा हाती आल्यावर, आधी पीक कर्जाचे पैसे बाजूला काढून, मग हा विषय काढा. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्यावर व्याज पडत नाही, म्हणून त्या पैशाला मशीनसाठी किंवा गाडीच्या हप्त्यासाठीही हात लागता कामा नये. ही गोष्ट तुम्हीच आधी बोललात तर घराच्या हिशेबाची काळजी तुम्हालाही आहे हे यजमानांना वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

घ्यायची ती सेमी-ऑटोमॅटिक घ्या. ती तुमच्या साठलेल्या पैशांच्या आसपास मिळते, नळाला धार नसली तरी बादलीने भरता येते, आणि पावसाळ्यात कपडे पिळून निघाल्यामुळे दोरीवर ओले धुणे आठवडाभर लोंबकळत राहत नाही. थोडे पैसे कमी पडले तरी हप्त्यांवर घेऊ नका, दोन महिने थांबा. सरकारी योजनेचा पैसा प्रत्येक महिन्याला ठरलेल्या तारखेला येतोच असे नाही आणि एका घरात हप्त्यांची गाडी पुरेशी आहे. घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या, कारण न्हाणीजवळच्या ओल्या जागेत विजेची वस्तू ठेवायची आहे. पावती आणि वॉरंटी कार्ड स्वतःच्या नावावर घ्या.

सासूबाईंना ही गोष्ट यजमानांच्या आधी सांगा, आणि त्यांच्या लुगड्या-चादरींचे धुणे त्यात पहिल्या दिवशी लावा. “आम्ही हातानंच धुतले” असे म्हणणाऱ्या बाईचे हात आता किती दुखतात, हे तिला सहसा कोणी विचारलेले नसते, आणि मुलाला समजावण्याचे तुमचे निम्मे काम त्या करतील असा माझा अंदाज आहे.

आणखी एक. वीज आणि पाणी दोन्ही एकाच वेळी असतील तेव्हाच मशीन लावता येईल, आणि तुमच्या गावात ती वेळ बहुधा दुपारची असेल, तेव्हा तुम्ही वावरात असाल. मग हे काम आपोआप बारावीच्या मुलीकडे जाईल, जी आताही रविवारचा अभ्यास सोडून तुमच्याबरोबर धुण्याला बसते. मशीन आणणाऱ्या माणसाने ती चालवून दाखवली की त्या वेळी आठवीतल्या मुलाला शेजारी उभे करा. कपडे वेगळे करणे, पाणी भरणे, साबण किती टाकायचा, हे सगळे त्याला एका दुपारीत येईल.