तू गेटबाहेर चहा पी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिल्लीच्या हौज़ रानीतल्या त्या अफगाण बाईचा रात्री अकराला फोन येतो, गॅस संपला तरी येतो, आणि नाही उचलला तर तुलाच झोप लागत नाही. ‘मावशी, मी निष्ठुर होतेय का?’ नाही गं. पण सहा महिन्यांत तिच्या वतीने कितीदा बोललीस ते मोज. घरमालकाशी तू, शाळेत तू, दवाखान्यात पर्चीच्या खिडकीवरही तूच. मग गॅस संपल्यावर ती आणखी कुणाला फोन करणार?

मीही हेच केलं. भोगलमधल्या एका कुटुंबासाठी, तीन वर्षं. भाडेकरार, भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचा फॉर्म, सगळं मीच. चार जणींची संस्था, कामं झटपट व्हायची, आणि त्याचा मला माज होता. वडील आजारी पडले म्हणून दोन महिने सांगलीला गेले. परत आले तर त्या कुटुंबातल्या धाकट्या मुलाच्या कानातून पू वाहत होता. दवाखाना दोन बस स्टॉपवर. ‘तुम्ही नव्हता ना, ख़ाला,’ एवढंच त्याची आई म्हणाली. त्या कानाने त्याला आजही कमी ऐकू येतं.

म्हणून म्हणते, तिच्याऐवजी बोलू नकोस. शेजारी उभी राहा.

तू म्हणशील, तिच्याकडे कागद कुठे आहेत? ठाऊक आहे. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचं कार्ड खिडकीवरचा माणूस उलटसुलट करून परत सरकवतो. पण २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालका’साठी आहे, नागरिकाच्याच नव्हे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे.

त्या घटनेनंतर दुसऱ्या एका बाईला ते कलम मी पाठ करायला लावलं. शाळेच्या जिन्यात ती पुटपुटत होती, ‘मेरी बेटी आठ साल की है, दाख़िला चाहिए.’ क्लार्क म्हणाला, आधार लाओ. तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून कलमाची झेरॉक्स काढली, लाल पेनने रेघ मारलेली. तो माझ्याकडे वळला, ‘आप बताइए, मैडम.’ मी पंख्याकडे बघत बसले. चाळीस मिनिटं लागली. मी बोलले असते तर दहात झालं असतं. जीभ चावून ठेवली होती अक्षरशः. मुलीला तिसरीत घेतलं. पुढच्या वर्षी त्याच बाईने शेजारणीच्या दोन पोरांना नेऊन बसवलं, आणि मला ते महिन्याभराने कळलं.

संस्थेतल्या दोघी तेव्हा मला म्हणाल्या, तू माणसं ताटकळत ठेवतेस. ठेवते. दिल्लीत आले तेव्हा माझ्या हिंदीला भाजीवाले हसायचे. माझ्याऐवजी बोलायला कुणी नव्हतं म्हणूनच आज त्यांच्याशी घासाघीस करते. (‘दही खट्टी है’ अजूनही तोंडातून जातं, ते सोड.) आणि हे मी माझं घोडं दामटायला सांगतेय असं वाटत असेल तर वाटू दे, त्या पोराचा कान डोळ्यांपुढे असतो माझ्या.

मोठ्या संस्था कार्ड देतील, यादी करतील. जिन्यात पाठांतर कोण करून घेणार? ते आपणच. पण तिच्याऐवजी बोलायचं नाही. कितीही राग आला, कितीही घाई असली तरी.

गुरुवारी तिला दवाखान्यात जायचंय ना? बुधवारी दोन वाक्यं घोकून घे. गुरुवारी गेटपर्यंत जा, आणि तू गेटबाहेर चहा पी.

रात्री फोन बंद ठेवत जा. मी ठेवत नाही, पण माझं बघू नकोस.

तुझी,
मावशी