मुळाची साल, अंतरसाल आणि ‘रक्त थंड करणे’

प्रश्न असा आहे: मूदानपी या चिनी औषधाबद्दल मराठीत लिहिताना ‘रूट बार्क’साठी नुसतं ‘मूळ’ चालेल का? आणि ते औषध ‘रक्त थंड करतं’ असं लिहावं का?

‘मूळ’ लिहू नका. मूदान हे पिओनी या फुलझाडाचं झुडूप, ‘पी’ म्हणजे साल, आणि औषधात ही सालच जाते. मुळाच्या आतला लाकडासारखा गाभा ओढून काढतात आणि साल वाळवतात. म्हणून ती बाजारात पोकळ नळीच्या तुकड्यांसारखी मिळते, बाजूला उभी चीर असलेली. चांगल्या मालाच्या आतल्या अंगाला बारीक चमकते कण दिसतात, ते पिओनॉलचे, म्हणजे या सालीतल्या मुख्य औषधी द्रव्याचे, स्फटिक. चिनी औषधकोश या सालीत पिओनॉल किमान १.२ टक्के मागतो. आन्हुई प्रांतातल्या तोंगलिंगची साल सर्वांत नावाजलेली.

आपल्याकडे बेल, टेंटू, शिवण यांच्या बाबतीत वैद्य ‘मुळाची साल’ असंच सांगतात, तेच इथेही लिहा. ग्रंथात ‘मूलत्वक्’ येतं, पण सर्वसाधारण वाचकाला ते जड जाईल. ‘मूळसाल’ हा जोडशब्द मला तरी कृत्रिम वाटतो. ‘अंतरसाल’ हा आपला फार नेमका शब्द, पण तो इथे नको. तो शोभेल सांगपाइपीला, म्हणजे तुतीच्या मुळाच्या सालीला. तिचा वरचा पिवळट थर खरवडून टाकतात आणि आतली पांढरी साल खोकल्यावर, दम्यावर देतात.

आता ‘रक्त थंड करणे’. मराठीत रक्त थंड पडतं ते उमेद गेलेल्या माणसाचं. चिनी वैद्यकाचं म्हणणं वेगळं आहे: तापाची उष्णता रक्तात शिरली की घोळणा फुटतो, रक्ताची उलटी होते, अंगावर लाल चट्टे उठतात. तेव्हा ‘रक्तातली उष्णता कमी करते’ असं लिहा. अंगातली उष्णता, कडकी हे आपण रोज बोलतो, वाचकाला लगेच कळेल.

‘रक्तस्तंभक’, म्हणजे रक्तस्राव थांबवणारं, हा शब्द मात्र कटाक्षाने टाळा, कारण तो अर्धाच अर्थ सांगतो आणि उरलेल्या अर्ध्याच्या उलट जातो. हीच साल साकळलेलं रक्त मोकळंही करते, असं चिनी वैद्य मानतात. प्राचीन चीनच्या हान काळातले वैद्य च्यांग चुंगचिंग यांच्या एका काढ्यात ती रेवाचिनीबरोबर येते, आतड्यातल्या गळवासाठी. कच्ची साल उष्णतेवर, दारूत परतलेली साकळलेल्या रक्तावर आणि रक्तस्राव थांबवायला काळी होईपर्यंत भाजलेली, असा फरक ते करतात. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतही पिओनॉलने दाह कमी होतो आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना कमी चिकटतात, असं दिसलं आहे. म्हणून तुमच्या मजकुरात एक ओळ जरूर घाला: गरोदर स्त्रियांनी, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही साल घेऊ नये.